दर सोमवारी मशीनवर बीपी पडतंय? शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ तपासून बघा

आमच्या बाबांचं डायलिसिस सुरू होऊन आता चौथं वर्ष लागलंय. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची शिफ्ट, चार तास. बाबा मूळचे खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या जंगलपट्टीतले. तिथून आठवड्यातून तीनदा बेळगावला ये-जा झेपेना, म्हणून आई-बाबा दोघंही आता बेळगावातल्या शहापुरात माझ्याकडे राहतात. साखर वीस वर्षांची, बीपी त्याच्याही आधीपासूनचं.

मागच्या वर्षी जवळपास पाच महिने एकच दुखणं आमच्या मागे लागलं होतं. सोमवारी मशीनवर तिसरा तास लागला की बीपी पडायचं. 150 वर सुरू झालेलं 90 वर यायचं, कधी 80 वर. दरदरून घाम, मळमळ, उलटी, पोटऱ्यांत गोळे. सिस्टर धावत यायच्या, पाय वर करायच्या, सलाइन सोडायच्या, पाणी ओढणं थांबवायच्या. मग ठरलेलं पाणी निघायचंच नाही. मंगळवारी रात्री आडवं झालं की दम लागायचा, उशाला तीन उशा घेऊन बाबा बसल्या बसल्या झोपायचे. बुधवारी त्या शिल्लक पाण्यासकट पुन्हा मशीनवर, आणि पुन्हा थोडंफार तेच.

हेच चक्र ज्यांच्या घरी चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. गोळीचा डोस, गोळीची वेळ, ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावर उरायला हवं ते ठरवून दिलेलं वजन) यातलं काहीही हे वाचून आपल्या मनानं बदलू नका. फक्त काय काय तपासायचं ते बघा, लिहून घ्या, आणि तो कागद घेऊन आपल्या किडनीच्या डॉक्टरांसमोर बसा. आमचा प्रश्न असाच सुटला, आणि बहुतेक कारणं आमच्या स्वयंपाकघरात आणि गोळ्यांच्या डब्यात निघाली.

बीपी नेमकं का पडतं

मशीन पाणी काढतं ते रक्तातून. पण साठलेलं पाणी सगळं रक्तात नसतं. पायांच्या सुजेत असतं, पोटात असतं, फुप्फुसांत असतं. रक्तातलं पाणी कमी झालं की बाहेरचं पाणी हळूहळू झिरपून रक्तात येतं. विहीर उपसताना झरे जेवढ्या वेगानं भरतात त्याहून जास्त वेगानं मोटर चालवली तर तळ उघडा पडतो ना, तसंच. झऱ्यांचा वेग काही आपल्या हातात नाही. मोटरचा वेग मात्र दोन गोष्टींवर ठरतो: किती पाणी काढायचंय आणि किती तासांत काढायचंय.

याचं एक साधं गणित आहे. तासाला दर किलो वजनामागे 13 मिलीपेक्षा जास्त पाणी ओढायला लागू नये, असं सर्वसाधारणपणे धरतात. बाबांचं ड्राय वेट 56 किलो. म्हणजे तासाला साधारण 730 मिली, चार तासांत 2 लिटर 900 मिली. ही वरची हद्द झाली. त्याच्या आत जेवढं राहील तेवढं बरं. आणि बाबा सोमवारी यायचे 59 किलो 600 ग्रॅम. म्हणजे 3 लिटर 600 मिली काढायचं, तासाला 900. तिसऱ्या तासाला बीपी पडत होतं यात नवल काहीच नव्हतं.

बुधवारी, शुक्रवारी त्रास कमी आणि सोमवारीच जास्त का, तर शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ ही आठवड्यातली सगळ्यात मोठी फट. जवळपास तीन दिवसांची. ज्यांना आठवड्यातून दोनदाच डायलिसिस मिळतं त्यांच्या तर दोन्ही फटी मोठ्या.

पहिलं काम: वही

मी एक शंभर पानी वही केली. डायलिसिसच्या दिवशी: येतानाचं वजन, जातानाचं वजन, किती लिटर काढलं, सुरुवातीचं बीपी, पडलं तर कितव्या तासाला, आणि त्या दिवशी सकाळी कुठल्या गोळ्या किती वाजता. मधल्या दिवशी: सकाळचं वजन, दोन वेळचं बीपी, लघवी किती झाली, आणि तोंडातून काय काय पातळ गेलं.

हे शेवटचं लिहिताना घरात भांडण झालं. "पाणी तर मी पितच न्हाई," असं बाबा अगदी मनापासून म्हणायचे, आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी पाणी म्हणजे तांब्यातलं पाणी. मग एका रविवारी मी मापाचा पेला घेऊन बसले. सकाळ-दुपारचा चहा मिळून 240 मिली. गोळ्यांबरोबर पाणी 200. आमटी दोन वाट्या, 300. एक पेला ताक, 200. "थोडं थोडं" प्यालेलं पाणी 500. आणि गावाकडनं तीन वेळा पाहुणे आले, प्रत्येक वेळी सोबतीला म्हणून चहा, तो 300. बेरीज 1 लिटर 740. बाबांना दिवसाची लघवी होते 250 मिली. आम्हाला सांगितलेलं माप होतं, लघवी अधिक 500 मिली. म्हणजे पाऊण लिटर. हिशेब समोर मांडल्यावर बाबा बराच वेळ वहीकडे बघत बसले, काही बोलले नाहीत.

पाहुण्यांबद्दल एक सांगते. आजारी माणसाला भेटायला येणारे प्रेमानंच येतात. "अर्ध्या कप चहानं काय होतंय गा?" असं मामा म्हणाले तेव्हा त्यांच्या मनात माया सोडून दुसरं काही नव्हतं. म्हणून आता चहा आधी बाबांपुढे ठेवते, त्यांच्या छोट्या पितळी वाटीत, 60 मिली. हातात वाटी असली की आग्रह होत नाही.

दुसरं आणि सगळ्यात मोठं: मीठ

आम्ही पाण्यामागे लागलो होतो, चूक तिथंच होती. तहान आवरत नाही, कारण ती मिठानं लागलेली असते. साधारण 8 ग्रॅम मीठ शरीरात एक लिटर पाणी धरून ठेवतं. ज्या माणसाची लघवी जवळजवळ थांबलीय त्याच्या पोटात गेलेलं मीठ डायलिसिसपर्यंत आतच राहतं, आणि ते आपल्यासोबत पाणी मागत राहतं. अशा माणसाला पाणी पिऊ नको म्हणून दटावणं हा छळ आहे. आधी मीठ काढा, तहान आपोआप उतरते. आमच्याकडे दहा-बारा दिवसांत फरक दिसला.

दिवसाचं मीठ सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा, हे डॉक्टर सुरुवातीपासून सांगत होते आणि आई स्वयंपाकात मीठ कमी घालतही होती. मग मीठ येत होतं कुठनं? ताटाच्या डाव्या बाजूनं. सांडगी मिरची, लोणच्याची फोड, पापड, शेंगदाण्याची चटणी. ताकात मीठ. भेटायला येणाऱ्यांनी आणलेलं फरसाण. बेकरीचे टोस्ट आणि खारी, ज्यांची चव खारट लागत नाही पण मीठ आणि सोडा दोन्ही असतात. पापडखारही सोडियमच. आणि "गॅस झालाय" म्हणून पाण्यात घालून घ्यायची ती फसफसणारी पावडर, तीही सोडियमच. सैंधव मीठ चालतं असा एक समज घट्ट बसलाय. सैंधव हेसुद्धा मीठच आहे, तेवढंच मोजायचं.

आणि इथं एक धोक्याची गोष्ट. दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं. बीपीवाल्यांसाठी चांगलं म्हणून शेजारच्या मामींनी आणून दिलं होतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. किडनी बंद असलेल्या माणसाला ते मीठ अजिबात देऊ नका. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात आणि कधी कधी आधी काही लक्षणच दिसत नाही.

"अळणी जेवण कसं गिळायचं वो माणसानं?" हा आईचा प्रश्न खरा होता. आम्ही हळूहळू उतरलो. पहिले पंधरा दिवस लोणचं-पापड बंद, पुढचे पंधरा दिवस भाकरीच्या पिठातलं मीठ बंद, मग भातातलं. त्याऐवजी लसूण, आलं, जिरं, हिरवी मिरची, वरून लिंबाचे चार थेंब. मीठ बेतानं घालून केलेला लसणीचा ताजा ठेचा बाबांना आता आवडतो. घरातल्या सगळ्यांनीच कमी मिठाचं खायला सुरुवात केली, हे महत्त्वाचं. एकट्या आजाऱ्याचं वेगळं पातेलं केलं की त्याला घरातच परकं वाटतं.

तहानेसाठी: पाणी छोट्या वाटीतून प्या, बर्फाचा लहान खडा चघळा (तोही मोजायचा), थंड पाण्यानं चूळ भरून टाका, तोंडात लवंग धरा. आणि साखर तपासा. रक्तातली साखर 250-300 झाली की तहान लागतेच, मग मीठ कितीही कमी करा.

उपासाचं ताट

बाबा माळकरी. एकादशी मोडणार नाहीत. एका रविवारी एकादशी आली आणि सोमवारी पोटॅशियम वाढून 6.4 निघालं. ताट आठवून बघितलं तर उकडलेली रताळी, दाण्याची आमटी, केळं, खजूर, वर शहाळ्याचं पाणी. बेळगाव-खानापूरच्या तांबड्या मातीतली रताळी म्हणजे बाबांचा जीव की प्राण, खरं सगळं ताट पोटॅशियमनं भरलेलं. आता एकादशीला वरीचे तांदूळ, थोडा साबुदाणा, दाण्याचं कूट चिमूटभर, आणि सफरचंदाच्या दोन फोडी. रताळं अगदीच हवं असेल तर सोलून पातळ काप, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून द्यायचं, आणि तेही दोन-तीन कापच. फणस, करदंट (डिंक-सुक्यामेव्याची मिठाई), गूळ, टोमॅटोचं सार यांचंही तसंच बेतानं. कमरख म्हणून पाच धारांचं आंबट फळ असतं, आडवं कापलं की चांदणीसारखं दिसतं, ते मात्र एक फोडही नको. किडनीच्या रुग्णाच्या मेंदूवर त्याचं विष चढतं: उचक्या लागतात, भ्रम होतो, झटके येतात, माणसं दगावलीही आहेत.

तिसरं: वजनकाटा

मीठ-पाणी आटोक्यात आलं, सोमवारची वाढ 2 किलो 200 वर आली. म्हणजे तासाला 550 मिली. बीपी पडणं निम्म्यावर आलं, पण थांबलं नाही. मग डिसेंबरात पुन्हा वाढलं. वाढ तेवढीच, तरी दुसऱ्याच तासाला गोळे.

हे कोडं एका थंडीच्या सकाळी सुटलं. बाबा काट्यावर उभे राहिले आणि मी सहज त्यांच्याकडे बघितलं. हातविणीचा जाड स्वेटर, मफलर, आत बंडी, खिशात मोबाइल आणि चाव्यांचा जुडगा. घरी येऊन ते सगळं पिशवीत घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं: 980 ग्रॅम. त्यांचं 56 किलोचं ड्राय वेट ठरलं होतं मे महिन्यात, पातळ सदऱ्यावर. म्हणजे थंडीत 56 पर्यंत आणायचं म्हणून मशीन दर वेळी बाबांना खऱ्या ड्राय वेटच्याही जवळपास एक लिटर खाली ओढत होतं. नसलेलं पाणी.

तेव्हापासून स्वेटर काढून, चपला काढून, खिसे रिकामे करून वजन. नेहमी सेंटरच्या त्याच एका काट्यावर. घरच्या काट्यात आणि तिथल्या काट्यात आमच्याकडे 800 ग्रॅमचा फरक आहे, म्हणून घरच्या काट्यावर फक्त कालच्यापेक्षा आज किती एवढंच बघायचं.

याला जोडूनच: ड्राय वेट हा दगडावर कोरलेला आकडा नाही. भूक सुधारून अंगात मांस आलं तर ते वाढवावं लागतं. न वाढवता जुन्याच आकड्यापर्यंत ओढलं की बीपी पडतं, गोळे येतात, आवाज बसतो, घरी आल्यावर दिवसभर उठवत नाही. उलट, तापानं किंवा न जेवल्यानं माणूस आतून वाळला आणि आकडा तोच ठेवला तर वजन बरोबर दिसतं आणि पाणी मात्र आत राहतं. मग पायाला सूज, रात्री दम, बीपी चढं. महिन्यातून एकदा तरी डॉक्टरांना थेट विचारा, "ड्राय वेट बदलायला हवं का?"

चौथं: सकाळच्या गोळ्या

बाबांना बीपीच्या तीन गोळ्या. वर्षानुवर्षांची सवय, पहाटे उठून चहाबरोबर तिन्ही. साडेसहाला गोळ्या, साडेसातला मशीन, आणि गोळीचा जोर चढायच्या वेळीच मशीन पाणी ओढतंय. वहीत वेळा लिहिलेल्या होत्या म्हणून डॉक्टरांना एका नजरेत दिसलं. त्यांनी डायलिसिसच्या दिवशी सकाळचं एक औषध पुढे ढकललं आणि दुसरं रात्रीवर नेलं. काही गोळ्या मशीनमधून धुऊन जातात, ॲटेनोलॉल आणि मेटोप्रोलॉल त्यातल्या, म्हणून त्या नंतर द्याव्या लागतात. ॲम्लोडिपिनसारख्या फारशा धुतल्या जात नाहीत. आमच्या बाबांना जमलं ते दुसऱ्या कुणाला जमेलच असं नाही, कारण काहींचं बीपी मशीनवर पडायच्या ऐवजी चढतं. म्हणून प्रश्न एवढाच विचारा: "डायलिसिसच्या दिवशी यातली कुठली गोळी आधी, कुठली नंतर?" आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून मागा. तोंडी सांगितलेलं घरी येईपर्यंत उलटं होतं, आमचं झालंय.

आमच्या घरात आता दोन डबे आहेत. पांढरा डबा डायलिसिसच्या दिवसाचा, निळा मधल्या दिवसांचा. आईला वाचता येत नाही, रंग कळतो. बी-कॉम्प्लेक्स आणि फॉलिक ॲसिड पांढऱ्या डब्यात दुपारच्या कप्प्यात, कारण मशीनच्या आधी घेतलं तर पाण्याबरोबर वाहून जातं. कुठलं अँटिबायोटिक सुरू झालं तर तेही डायलिसिसच्या आधी की नंतर, ते विचारूनच.

फॉस्फरसच्या गोळीचा घोळ वेगळाच. चिठ्ठीत 1-1-1 लिहिलेलं. बाबा ती इतर गोळ्यांबरोबर जेवणाआधी तासभर घ्यायचे. ही गोळी पोटातल्या अन्नातला फॉस्फरस धरून ठेवते, म्हणून ती जेवणाच्या घासाबरोबरच जायला हवी. रिकाम्या पोटी तिचा उपयोग नाही. गोळी ताटात ठेवायला लागलो तेव्हा दीड-दोन महिन्यांत रिपोर्ट उतरला आणि रात्रीची पाठीची खाज कमी झाली. कुंदा (दुधाची बेळगावी मिठाई), खवा, चीज, शीतपेयं यांत फॉस्फरस भरपूर. बेळगावात राहून कुंद्याला नाही म्हणणं अवघड, पण सणाला एक चमचा आणि सोबत गोळी, एवढ्यावर आम्ही आणलंय. कॅल्शियमची फॉस्फरस-गोळी आणि लोहाची गोळी एकत्र देऊ नका, एकमेकींना निकामी करतात.

पाचवं: मशीनवरचा नाष्टा

चार तास पोट रिकामं कसं ठेवायचं म्हणून आई डबा द्यायची, इडली नाहीतर उप्पीट. बाबा दुसऱ्या तासानंतर खायचे. खाल्लं की रक्त पोटाकडे वळतं, आणि अर्ध्या तासात बीपी खाली. आता नाष्टा निघण्याआधी घरीच, आणि डबा मशीन सुटल्यावर. साखरवाल्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारून करायचं, नाहीतर बीपी वाचवताना साखर पडायची.

साखरेचंच घ्या. घाम, चक्कर, हातपाय गळणं ही लक्षणं साखर उतरल्यावरही तशीच दिसतात. एकदा सगळे बीपी-बीपी करत होते, बीपी 110, आणि ग्लुकोमीटर लावला तर साखर 54. किडनी निकामी झाली की इन्शुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, म्हणून जुना डोस जड पडू शकतो. बाबांचा डोस पुढे निम्मा झाला. साखर उतरली तर साधी साखर किंवा ग्लुकोज द्या. मोसंबीचा रस नको, त्यात पोटॅशियम.

सहावं, ज्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं

बाबांना कन्नड येत नाही. खानापूरच्या त्या भागात आयुष्य मराठीतच गेलं. सिस्टर मायाळू, पण त्यांची भाषा कन्नड. बीपी पडायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं बाबांना कळायचं, पोटात कालवल्यासारखं व्हायचं, पण काय सांगायचं, कसं सांगायचं म्हणून ते गप्प पडून राहायचे. उलटी झाली की मगच सगळ्यांना कळायचं. पाच महिने माझा बाप संकोचानं गप्प पडून राहिला आणि मी बाहेरच्या बाकावर मोबाइल बघत बसले होते.

मग आम्ही तीन शब्द शिकवले. तले तिरुगुत्तिदे, म्हणजे चक्कर येतेय. वांती, म्हणजे उलटी. तूक, म्हणजे वजन. आणि सिस्टरना मी सांगून ठेवलं, बाबा लागोपाठ दोन-तीन जांभया द्यायला लागले की बीपी बघा. जांभया ही त्यांची पहिली खूण. प्रत्येकाची वेगळी असते: कुणाला कानात सूं होतं, कुणाला गरम होतं, कुणी उगीच चिडतं. ती ओळखा आणि तिथल्या माणसांना सांगून ठेवा. आधी कळलं तर नुसता पाण्याचा वेग कमी करून भागतं, पुढचा खेळखंडोबा टळतो. त्या सिस्टरही आता "चक्कर काय, बाबा?" असं विचारायला शिकल्यात.

एवढं सगळं करूनही बीपी पडत असेल तर डॉक्टरांना आणखी काही गोष्टी विचारण्यासारख्या आहेत. मशीनच्या पाण्याचं तापमान 36 अंशांच्या आसपास ठेवता येईल का (थोडं गार असलं की रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात, सोबत ब्लँकेट न्या). चारऐवजी साडेचार तास बसता येईल का. हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) किती आहे. हृदयाची इको कधी झाली होती. अचानक नव्यानं बीपी पडायला लागलं असेल तर हृदयाचा विचार आधी.

मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या

पाठ दुखते म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणू नका. उरलीसुरली लघवी त्यानं जाते, आणि मशीनवर रक्त पातळ करायचं हेपारिन चालू असताना पोटात रक्तस्राव व्हायची भीती. लघवी 250 मिली का असेना, तेवढीच पाण्याची मोकळीक मिळते, ती जपायची. दुखण्यावर काय चालेल ते डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या, आमच्याकडे पॅरासिटामॉल लिहिलेलं आहे.

पायाच्या मुंग्यांसाठी एका दवाखान्यात बाबांना प्रीगॅबालिन मिळालं, धडधाकट माणसाचा डोस. हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं. बाबा दोन दिवस पेंगत होते, तोल जात होता, मला "तायव्वा" म्हणून त्यांच्या आत्याच्या नावानं हाक मारत होते. मशीनवर घेतल्यावर उतरलं. तेव्हापासून त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात इंग्रजी आणि कन्नडमध्ये लिहून ठेवलंय: डायलिसिस पेशंट, डाव्या हातात फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला शीर आणि धमनी जोडून केलेली जागा), डोस किडनीप्रमाणे द्या. बद्धकोष्ठासाठी मॅग्नेशियमचं पांढरं औषध नको. झाडपाला, भस्म, काढा हे नातेवाईक फार प्रेमानं आणून देतात. काय आहे ते माहीत नसलेलं काहीही पोटात जाऊ द्यायचं नाही, इतकं आम्ही सरळ सांगतो.

फिस्टुला आणि बीपी

बीपी फार खाली गेलं की फिस्टुलात रक्त गोठू शकतं. म्हणून मशीनवरून आल्यावर, रात्री झोपताना आणि सकाळी बोटं ठेवून थरथर बघायची. मांजर गुरगुरल्यासारखी लागते. लागली नाही तर सकाळपर्यंत थांबू नका, त्याच क्षणी फोन करून निघा. त्या हातावर बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, घड्याळ नाही, बाजाराची पिशवी नाही.

कधी थांबायचंच नाही: आडवं होता येत नाही इतका दम, छातीत दुखणं, पायांतली शक्ती एकाएकी गेल्यासारखं वाटणं, ठोका चुकल्यासारखं होणं, थंडी वाजून ताप, फिस्टुलातून रक्ताची धार (बोटानं घट्ट दाबून धरा आणि निघा). आणि सेशन चुकणं. 2019 च्या ऑगस्टमध्ये मलप्रभा, घटप्रभा, कृष्णेला पूर आला तेव्हा जिल्ह्यातले किती रस्ते बंद पडले ते आपण पाहिलंय. पावसाळ्यात गावी जायचं असेल तर शुक्रवारी नाही, सोमवारी संध्याकाळी जा, मंगळवारी परत या. लग्नकार्याला कोल्हापूर किंवा गोव्याकडे जायचं झालं तर तिथल्या सेंटरला आधी फोन करून जागा ठरवा. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट मागतात, ते सोबत ठेवा.

आमची आजची स्थिती: गेल्या चौदा सोमवारांपैकी दोनदा बीपी पडलं, दोन्ही वेळा आदल्या दिवशी घरात कार्य होतं आणि वाढ तीन किलोच्या वर. एक गोष्ट अजून सुटलेली नाही. शुक्रवारी रात्री एक-दीडच्या सुमाराला बाबांच्या उजव्या पोटरीत गोळा येतो, पाय भिंतीला टेकवून ताणला की दोन मिनिटांत जातो. वहीत मागचे सहा शुक्रवार तारखेसकट लिहिलेत. भूक वाढलीय, सदरा खांद्यात घट्ट होतोय, म्हणून ड्राय वेट 56 वरून थोडं वर न्यायचं का हे येत्या बुधवारी राउंडला विचारणार आहे.